काळ्या ओढणीतली बाई

प्रेमा घाडीगावकरला हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणण्यासारखं आहे. नाहूरच्या तिच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर जा, तिच्या हट्टाची एक तरी गोष्ट ऐकायला मिळेल. बिल्डरने लिफ्ट चालू करायला टाळाटाळ केली तेव्हा ही बाई डबा घेऊन त्याच्या ऑफिसात गेली. सोफ्यावर बसली, तिथेच जेवली, तिथेच मेथीची जुडी सोडून निवडायला लागली. "लिफ्ट चालू झाली की उठते," एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या आत मेकॅनिक आला. नवरा जयवंत म्हणजे भांडणाचा आवाज आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणारा माणूस. तो सगळ्यांना सांगतो, "आमच्या घरात एकच मर्द आहे, आणि ती गाऊन घालते."

कणकवलीकडून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडून जमाना झाला होता आणि जयवंतच्या वायरमनच्या कामाचा काही भरवसा नव्हता. प्रेमाने शेजारपाजारच्यांना मालवणी मसाला करून द्यायला सुरुवात केली. आज मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी घरांतल्या बांगड्याच्या कालवणाला रंग येतो तो तिच्या मसाल्याचा. एप्रिल-मे म्हणजे तिची लढाईच. गच्चीवर बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या वाळत पडतात, धणे-लवंगा भाजल्याचा वास घराच्या भिंतींत मुरतो, आणि मग पोती रिक्षात कोंबून स्वारी निघते ती परकारचाचांच्या डंकावर.

डंक म्हणजे धाडधाड वरखाली होत मिरची कुटणारी लोखंडी मुसळं, आणि परकारचाचा म्हणजे दापोलीकडचा, जन्मभर मिरचीच्या खकाण्यात राहून आवाज घोगरा झालेला माणूस. त्यांच्या डंकावर बायकांनी पाडलेल्या दोन पद्धती. पहिली, आपला मसाला आपण समोर बसून कुटून घ्यायचा, जागचं हलायचं नाही. दुसऱ्या बाईच्या मिरचीचा कणही आपल्यात येता कामा नये. आणि दुसरी, तोंड गच्च बांधायचं, नाहीतर शिंकून शिंकून जीव जायचा. त्यामुळे तिथे बसलेली बाई हिंदू की मुसलमान, तरणी की म्हातारी, काही म्हणजे काही कळत नाही. फक्त डोळे दिसतात, आणि तेही रडत असतात.

आता सौरभ. प्रेमाचा एकुलता एक. कॉमर्स झालेला, दिसायला बापासारखा, डोक्याने आईसारखा. मुलुंडच्या एका मोबाइलच्या दुकानात चांगला चिकटला होता, तर ते दुकानच बंद झालं. मग पोरगा घरी. आता घरी बसलेल्या पोराला येणारा-जाणारा काय विचारणार? "काय रे, नोकरीचं काय झालं?" मामा तेच, आत्या तेच, खालचा वॉचमनसुद्धा तेच. सौरभने बाहेर पडणंच सोडलं. फोन घेऊन पडून राहायचा.

सुरुवातीला व्यायामाचे व्हिडिओ बघायचा, मग किल्ल्यांचे. प्रेमाला उलट बरं वाटलं, निदान वेडंवाकडं काही बघत नाही. पण फोन मोठा चलाख असतो. पोरगं कशावर थांबतं, कशाने त्याचे कान तापतात, हे तो आईपेक्षा बारकाईने बघत असतो. किल्ल्यांच्या मागोमाग एक ओरडणारा माणूस आला, त्याच्या मागून दुसरा, अजून मोठ्याने ओरडणारा. मग कुणीतरी त्याला 'जागं मुलुंड' नावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे आडनाव कुणी विचारत नाही, सगळे नुसते 'भावा'. ग्रुप चालवणारा देवेश नावाचा मुलगा, पाच-सहा वर्षांनी मोठा, गळ्यात जाड साखळी, जिभेवर मध. "सौरभ भावा, तुझं एडिटिंग झकास आहे यार. तुझ्यासारखी पोरं पाहिजेत आपल्याला." संपलं. वर्षभरात कुणी पोराला चांगलं बोललं नव्हतं. तो रात्रंदिवस त्यांच्यासाठी व्हिडिओ कापत बसायचा, संगीत लावायचा, लाल अक्षरं टाकायचा. जेवताना बोलायला लागला, "तुम्हाला काही कळत नाही आई, आपल्या नाकाखाली काय काय चाललंय." प्रेमा म्हणायची, "माझ्या नाकाखाली तुझं ताट आहे, ते आधी संपव." तिला वाटलं, वयाचं खूळ आहे, उतरेल.

खुळावरून गोष्ट पुढे गेली ती शेजारच्या लताच्या मसाल्याने.

एका सकाळी प्रेमा दार उघडते तर लता मसाल्याची अख्खी बरणी कचऱ्याच्या डब्यात उपडी करत होती. वर्षाचा मसाला!

"अगं वेडी झालीस काय? काय करतेस हे?"

"तुला नाही आला व्हिडिओ? शी, मला तर रात्रभर मळमळतंय. तुझ्या त्या परकारचाच्याच्या डंकावर काय काय ओततात बघ मसाल्यात!"

लताने फोन पुढे केला. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी घेतलेला व्हिडिओ होता. डंक चालू आहे. पायघोळ कपड्यातली, काळ्या कापडाने डोळ्यांखेरीज सगळं झाकलेली एक बाई वाकते, इकडेतिकडे बघते आणि काळपट बाटलीतून मिरचीवर काहीतरी ओतते. चाचा बाजूला उभे राहून मान हलवतात. तेवढंच पुन्हा, सावकाश. बाटलीभोवती लाल गोल. धडधडतं संगीत. खाली अक्षरं : 'बघा, तुमच्या ताटात काय कालवलं जातंय. ही बुरख्यातली बाई कोण?'

प्रेमाने व्हिडिओ एकदा बघितला, दोनदा बघितला, आणि दारात उंबऱ्यावरच बसली. कारण ती बाई ती स्वतः होती.

पायघोळ कपडा म्हणजे तिचा जांभळ्या फुलांचा गाऊन. काळं कापड म्हणजे तिखटाचे डाग दिसू नयेत म्हणून ठेवलेली जुनी ओढणी. बाटली जयवंतच्या खोकल्याच्या औषधाची, धुऊन पुसून घेतलेली, आणि आत होतं खोबरेल तेल. मिरचीची पूड उडू नये म्हणून दोन थेंब सोडतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि इकडेतिकडे बघत होती ती तिची चाळण कुणी उचलली म्हणून!

"लता, ही मी आहे गं."

लता आधी हसली. मग फोन जवळ घेऊन बघितला, मग प्रेमाच्या हाताकडे, मग पुन्हा फोनकडे. मनगटावरचा कढईच्या चटक्याचा डाग दोन्हीकडे होता. लताचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! आणि मी बरणी ओतली?"

पण प्रेमाचं लक्ष आता बरणीकडे नव्हतं. व्हिडिओच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जागं मुलुंड'. हे संगीत गेले दोन दिवस तिच्याच घरातल्या आतल्या खोलीतून ऐकू येत होतं.

दुपारी सौरभ जेवायला बसला तो खुशीत होता. "आई, लाखावर लोकांनी बघितला माझा व्हिडिओ! देवेशभाई बोलला, सौरभ, तू तर वाघ निघालास. रविवारी सगळे मिळून जाणार, तो डंकच बंद करून टाकणार."

प्रेमाने आतून गाऊन आणला, ओढणी आणली, बाटली आणली. ओढणी तोंडाला बांधली आणि पोरासमोर उभी राहिली.

"ओळख बघू, कोण आहे मी."

सौरभचा घास हातातच राहिला. त्याने फोन काढला, व्हिडिओ लावला, बोटांनी मोठा केला. तो व्हिडिओ त्याने किती वेळा मागेपुढे केला असेल, देव जाणे. बाटली बघितली, त्या बाटलीभोवती गोल काढला, आणि बाटली धरणारा हात बघितला नाही. त्या हाताने त्याला भरवलं होतं.

"हे... हे मला फॉरवर्ड आलं होतं. मी नुसतं एडिट केलं."

"बरं. आता सांग त्यांना, चूक झाली म्हणून."

सौरभने ताट बाजूला सारलं. मग खाली बघत म्हणाला, "आई, तू कुणाला बोलू नकोस ना. यात तेल असेल गं, मान्य. पण दुसरीकडे होतं ना असं? लोक जागे तरी झाले."

चूक कळली नाही म्हणून पोरगं खोटं बोलतं, ते समजू शकतं माणूस. पण चूक कळल्यावर? समोर आई उभी असताना? रागावली की तिच्या तोंडून मालवणी बाहेर पडते. "माका शिकवतंस? माझ्याच तोंडाक काळा फासून लोकांका जागा करतंस, मेल्या?"

बाथरूममधला नळ सुरू झाला. जयवंत आत गेला होता.

"रविवारपर्यंत तू सांग," प्रेमा म्हणाली. "नाही सांगितलंस तर रविवारी मी डंकावर असणार. अशीच, ओढणी बांधून."

दुसऱ्या दिवशी ती चाचांकडे गेली. शटर अर्धं ओढलेलं, आत शुकशुकाट. ऐन मे महिन्यात डंक बंद, हे प्रेमाने कधी बघितलं नव्हतं. चाचा स्टुलावर बसून यंत्राचा पट्टा उगाच पुसत होते.

"चाचा, ती बाई मी आहे."

"माहीत आहे वहिनी. पहिल्यांदा बघितला तेव्हाच ओळखलं. ती बाटली दरवर्षी बघतो मी."

"मग बोलला का नाहीत? पोरं दुकान फोडायला निघाली आहेत!"

"तुमचं नाव कशाला गोवू त्यात? बाईमाणूस. उद्या तुमच्या दारात येतील." चाचा खाकरले. "दापोलीला जातो म्हणतो. घर आहे, चार कलमं आहेत आंब्याची. वय झालं."

पुढचं बोलणं तिला लिफ्टपेक्षा, बिल्डरपेक्षा, आयुष्यातल्या सगळ्या भांडणांपेक्षा जड गेलं. "चाचा, व्हिडिओ माझ्या सौरभने बनवलाय."

चाचांचा पुसणारा हात थांबला. फडकं त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे त्याने सांगायला पाहिजे, वहिनी. तुम्ही सांगून काय उपयोग? आईची माफी मी घेऊ कशी?"

ते तिच्या मनात रुतून बसलं. घरी येताना तिने ठरवून टाकलं. स्वतःचं नाव ती चारचौघांत सांगेल, पण पोराचं नाव सांगणार नाही. ते त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. नाहीतर डंक वाचेल आणि पोरगा जाईल, आणि तिला दोन्ही हवं होतं. निघताना तिने चाचांना बजावलं होतं, "रविवारी डंक चालू ठेवा. माझी हळद आहे."

रविवारी सकाळी हळकुंडांची पिशवी, तेलाची बाटली आणि ओढणी घेऊन ती डंकावर जाऊन बसली. लता पण आली, बिचारी ओशाळलेली होती. डंक सुरू झाला. मग ती पोरं आली, वीस-पंचवीस असतील, बहुतेकांचे फोन वर उचललेले. पुढे देवेश. त्याच्या बाजूला सौरभ, फोनवर सगळं लाइव्ह दाखवत.

"बंद करा हे!" देवेश ओरडला. "हीच ती बाई!"

प्रेमाने ओढणी सोडली. "हो, हीच ती. प्रेमा घाडीगावकर. गाव कणकवली, राहणार इथेच, नाहूरला. बाटलीत खोबरेल आहे, वास घे."

गर्दी जरा अडखळली. कुणीतरी मागे खुदकन हसलं. पण देवेश असल्या गोष्टींनी हटणारा नव्हता. तो फोनकडे तोंड करून म्हणाला, "बघा मित्रांनो, कशी माणसं उभी करतात! काकी, किती दिले त्यांनी तुम्हाला?" लता किंचाळली, "तोंड सांभाळ रे!" पण तिचं कोण ऐकतोय. देवेश सौरभकडे वळला. "सौरभ, तू इथलाच ना? सांग सगळ्यांना. ओळखतोस हिला?"

डंक धाडधाड चालू होता. चाचांनी बटण बंद केलं आणि एकदम शांत झालं. प्रेमा पोराकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने दात घट्ट मिटले. बोल, सौरभ. तू बोल.

सौरभने आईकडे बघितलं नाही. तो फोनच्या काचेत बघत होता, तिथे खालून वर पळणारी लोकांची अक्षरं बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "ओळखत नाही."

लताने कपाळाला हात लावला. पोरांनी तिची हळद लाथाडली, चाचांना ढकलून बाहेर काढलं, शटर खाली ओढलं आणि स्वतः आणलेलं कुलूप ठोकलं. घोषणा देत निघून गेले. रस्त्यावर पिवळीधमक हळद पसरली होती. चाचा फूटपाथवर बसून होते, आणि प्रेमा हळकुंडं वेचत होती. एकेक वेचलं, पिशवीत भरलं, उठली. "आंब्याची कलमं पळून जात नाहीत, चाचा," ती म्हणाली. "दोन दिवस थांबा."

सौरभ घरी आला तेव्हा प्रेमाने ताट वाढून ठेवलं होतं. तो दारातच उभा. शिव्या पडतील, रडारड होईल, अशा तयारीने आला असावा.

"जेव. आणि मग चौकीवर चल माझ्याबरोबर."

"आई, केस होईल माझ्यावर."

"होऊ दे. जामिनाला मी येईन, डबा घेऊन येईन, वकील करीन. पण चल."

"तसं नाही गं." त्याचा आवाज रडवेला झाला. "ते मला ग्रुपमधून काढतील. मग मी कुणाशी बोलू?"

प्रेमाला त्या क्षणी त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, दोन्ही एकदम. तुरुंगाचं भय नाही, त्या डबड्यातून हाकलून देतील याचं भय! एवढा एकटा होता हा, बाजूच्या खोलीत? आणि आपण नुसते 'ताट संपव' म्हणत राहिलो.

"माझ्याशी बोल," ती म्हणाली. "मी काय मेले?"

तो हलला नाही. तिने वाट बघितली. मग कपाटातून चांगली साडी काढून नेसली, व्हिडिओ असलेला फोन पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या. तेवढ्यात बाथरूमचा नळ बंद झाला आणि जयवंत बाहेर आला. उभ्या आयुष्यात नव्हता तेवढा सरळ उभा राहून तो पोराला म्हणाला, "सौरभ, आज जर आई एकटी गेली ना, तर मला बाप म्हणू नकोस." प्रेमाने नवऱ्याकडे बघितलं, आणि दार उघडून गेली. मागे वळली नाही.

चौकीत एक पोक्त हवालदार होते. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि कसंनुसं हसले. "अहो बाई, हा तर आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आलाय. मीच चार ठिकाणी पाठवलाय."

"मग आता चार ठिकाणी सांगा, खोटा आहे म्हणून. डंकाला कुलूप लावलंय त्यांनी. ते काढायला माणूस द्या. आणि माझी तक्रार लिहून घ्या."

"कोणाविरुद्ध?"

प्रेमा थांबली. "कुलूप लावणाऱ्यांविरुद्ध."

"आणि व्हिडिओ कोणी बनवला?"

ती टेबलाकडे बघत राहिली. सांगून टाकावं? तिने एकदा मागे, दाराकडे बघितलं. बाहेर ऊन, रिक्षा, लिंबूसरबतवाला. कुणी नव्हतं.

"ते तो येऊन सांगेल," ती म्हणाली.

"कधी येईल?"

"येईल. तोवर मी बसते." आणि ती समोरच्या बाकावर बसली. हवालदारांनी दोनदा सांगितलं, उद्या या, साहेब नाहीत. ही ढिम्म. त्यांनी चहा मागवला, तिलाही दिला. तिने प्यायला, कप बाजूला ठेवला आणि पुन्हा बसली. ऊन कलायला लागलं. बाकावर बसून बसून तिचे पाय सुजले, गुडघा ठणकायला लागला, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, की बिल्डर वेगळा आणि पोरगा वेगळा. पोरगा नाहीच आला तर? तरी ती उठली नाही.

दारात सावली पडली. सौरभ होता. डोळे सुजलेले, हातात फोन, आणि फोन थांबायचं नाव न घेता टिंग टिंग वाजतोय. आईकडे न बघता तो सरळ टेबलाशी गेला.

"साहेब, तो व्हिडिओ मी बनवलाय. सौरभ जयवंत घाडीगावकर. सकाळी लाइव्हवर खोटं बोललो मी."

हवालदारांनी चष्मा वर केला. "काय खोटं?"

सौरभने वाजणारा फोन टेबलावर ठेवला. मग त्याने बाकाकडे बोट केलं.

"ती बाई... माझी आई आहे."